लॉग लावून बीजगणिताचा ताळा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं अकरावी-बारावीची मुलं गणिताला येतात. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल, म्हणजे लॉगचं कोष्टक, चालतं. (संख्येचा लॉग म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा.) त्यामुळं लॉग म्हणजे आकडेमोडीचं साधन, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. मी त्यांना त्यानं बीजगणिताचा ताळा करायला लावतो. टेबलही लागत नाही, पाया १० धरून दोन आकडे पाठ करा: लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१.

परवा एका मुलीनं (अ²ब)³ ÷ (अब²) सोडवून उत्तर अ⁴ब लिहिलं. आम्ही अ = २, ब = ३ घेतलं. गुणाकार असेल तिथं लॉगची बेरीज, भागाकार असेल तिथं वजाबाकी, आणि घातांक पुढं घेऊन गुणायचा. कंसातलं ०.६०२० + ०.४७७१ = १.०७९१, त्याची तिप्पट ३.२३७३. भाजकाचं ०.३०१० + ०.९५४२ = १.२५५२. वजा केल्यावर १.९८२१. तिच्या उत्तराचं मात्र १.२०४० + ०.४७७१ = १.६८११.

"सर, चुकलंय हे कळलं. पण कुठं?"

फरक काढ म्हटलं. ०.३०१०! म्हणजे बरोबर लॉग २, एक अ कमी पडलाय. (अ²)³ करताना तिनं २ आणि ३ गुणायच्या ऐवजी मिळवले होते, अ⁶ च्या जागी अ⁵ आला होता. फरक ०.४७७१ निघाला असता तर ब कडं बघितलं असतं. चूक कुठल्या अक्षरात आहे हे ताळाच सांगतो, म्हणून मला ही रीत इतकी आवडते.

किमती मात्र विचार करून घ्या. १ घेऊ नका. लॉग १ शून्य, हरवलेला घातांक दिसणारच नाही. २ आणि ४ सुद्धा नको, कारण एक ब गेला की दोन अ गेले हे कळत नाही. शेवटच्या आकड्यात एखाद्याचा फरक आला तर तो चार अंकांपर्यंतच्या पूर्णांकनाचा असतो, सोडून द्या.

समीकरणातच लॉग असेल तर ताळा मूळ समीकरणातच करायचा. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १. लॉग १० म्हणजे १, म्हणून क्ष(क्ष − ३) = १०, यावरून क्ष² − ३क्ष − १० = ०, उत्तरं ५ आणि −२. वर्गसमीकरणात दोन्ही बसतात. मूळ समीकरणात ५ घाला (५ म्हणजे १० ÷ २, म्हणून लॉग ५ = १ − ०.३०१०): ०.६९९० + ०.३०१० = १, जुळलं. −२ चं वास्तव लॉगच नसतं, ते खोडा.

आणि बेरीज आली की सावध. (अ + ब)² साठी आधी कंसाची किंमत ५ काढा, मग २ × ०.६९९० = १.३९८०. लॉग अ आणि लॉग ब मिळवलेत तर तो अब चा लॉग होतो, अ + ब चा नाही.