सांगलीतून कार्टिंग: मुलाची कार्ट जुळवताना

फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ साली देशभरातून निवडलेल्या तीन तरुण चालकांत मुंबईचा जेहान दारुवाला होता, तोही कार्टिंगमधूनच, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींतूनच आला. त्यामुळे आधी कार्ट, म्हणजे ही छोटी गाडी, नीट जुळवून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ सीटला द्या. मुलाला हेल्मेट, बुटांसकट बसवून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा. पुढे साधारण ४३ टक्के, मागे ५७ टक्के वजन यायला हवं. पुढचं कमी पडलं की स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते, आणि लोक उगाच टायरला दोष देतात. सीट एका वेळी एकच सेंटिमीटर पुढे घ्या.

टायरची हवा गार असताना मोजा; ११ पीएसआयपासून सुरुवात करा आणि आठ फेऱ्यांनंतर लगेच पुन्हा मोजा. फार चढली तर पकड सुटते. चेन बोटाने दाबून १० मिलिमीटर हलावी. ताठ ठेवली तर बेअरिंग जातं.

टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनाला पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५० ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली तेल. द्राक्षबागेच्या फवारणी पंपाच्या इंजिनातलं उरलेलं पेट्रोल-तेल मिश्रण मात्र ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.