कोटिंग असलेले लेन्स-फिल्टर सुरक्षितपणे कसे स्वच्छ करावेत

फिल्टर (कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर बसवायची काच) पुसायला घेण्याआधी तो पुसण्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. काचेवर बसलेले धुळीचे चार कण छायाचित्रात सहसा दिसत नाहीत, कारण ते फोकसच्या पल्ल्याबाहेर असतात. बोटाचा ठसा किंवा तेलकट डाग मात्र प्रकाश विखुरतो, कॉन्ट्रास्ट कमी करतो आणि सूर्य किंवा दिवा समोर असताना चित्रावर पांढुरकी झाक आणतो. म्हणून किरकोळ धुळीसाठी कापड हाती घेऊ नये, पण डाग राहू देऊ नये.

कोटिंग म्हणजे काय, हे कळले की पुढची काळजी आपोआप समजते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे फिल्टरच्या दोन्ही बाजू मिळून जवळपास ८ टक्के. हे परावर्तन रोखण्यासाठी काचेवर अतिशय पातळ थर चढवलेले असतात, तेच कोटिंग. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकेरी थर तर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. त्वचेवरचे तेल अशा थरावर बसले की परावर्तित प्रकाशलहरी एकमेकींना रद्द करतात तो मेळ बिघडतो, आणि म्हणूनच कोटिंगच्या फिल्टरवर ठसा निळसर-जांभळा होऊन ठळक दिसतो. हे पाहून कोटिंग खराब झाले असे समजून पुष्कळ जण काच जोराने घासतात आणि नुकसान खरे तर तेव्हा होते. स्वच्छ, मऊ कापडाने कोटिंगला सहसा इजा होत नाही, पण कापडाखाली अडकलेला वाळूचा कण ओरखडा पाडतो. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापनपट्टीवर ७ आहे आणि सामान्य काचेची साधारण साडेपाच ते सहा.

यासाठी पहिली पायरी कधीही वगळू नये. फिल्टर लेन्सवरून काढावा, त्याची काच जमिनीकडे वळवून धरावी आणि रबरी ब्लोअरने सर्व बाजूंनी हवा मारावी, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे बारीक थेंब उडतात. दाबाखालच्या हवेचे डबेही टाळलेले बरे. डबा कलता झाला तर आतला द्रव काचेवर फवारला जातो. कडेला चिकटून राहिलेले कण स्वच्छ, मऊ ब्रशने अलगद काढावेत. ब्रशच्या केसांना बोट लावू नये, नाहीतर बोटाचे तेल काचेवर जाते. आट्यांमध्येही धूळ साचते, तीही याच वेळी काढावी.

आता काच दिव्यासमोर तिरकी धरून पाहावी. डाग नसेल तर काम इथेच संपले. डाग असेल तर लेन्ससाठीच्या द्रवाचा किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक-दोन थेंब मायक्रोफायबर कापडावर किंवा लेन्स-टिश्यूवर घ्यावा. द्रव थेट काचेवर टाकू नये, कारण तो काच आणि धातूची कडी यांच्या फटीत शिरतो आणि नंतर कडेने पाझरून डाग पाडतो. मधून कडेकडे, वर्तुळाकार, हलक्या हाताने पुसावे. प्रत्येक फेरीला कापडाची नवी, कोरडी घडी घ्यावी आणि टिश्यू एकदा वापरून टाकून द्यावा. खिडक्यांच्या काचा पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव, ॲसिटोन आणि सदऱ्याचे टोक यांपैकी काहीही वापरू नये. मायक्रोफायबर कापड फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवावे, कारण त्याचा अंश काचेवर उतरतो आणि पुसूनही ओघळ राहतात.

समुद्राचे तुषार उडून सुकले असतील तर कोरडे पुसणे घातक ठरते, कारण मिठाचे स्फटिक काचेवर फरफटत जातात. आधी स्वच्छ पाण्याने ओलसर केलेले कापड त्यावर क्षणभर टेकवून मीठ विरघळू द्यावे, ते न घासता उचलून घ्यावे आणि मग नेहमीप्रमाणे पुसावे.

पोलरायझरबाबत (परावर्तनाची चमक कमी करणाऱ्या फिल्टरबाबत) विशेष जपावे. त्यात दोन काचांमध्ये ध्रुवणाचा पातळ पडदा चिकटवलेला असतो, म्हणून तो नळाखाली धरू नये, पाण्यात बुडवू नये आणि कडेजवळ द्रव कमीत कमी वापरावा. चौकोनी रेझिन (एक प्रकारचे प्लास्टिक) फिल्टर काचेपेक्षा मऊ असल्याने त्यांवर ओरखडे लवकर पडतात. तिथे हात आणखी हलका ठेवावा.

फिल्टर लेन्सवर घट्ट बसून निघत नसेल तर दोन बोटांच्या चिमटीत जोर लावू नये. त्याने कडी किंचित लंबगोल होते आणि आटे अधिकच धरतात. कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळून, सर्व बोटांचा समान दाब देत फिरवल्यास ती बहुधा सुटते. पुन्हा बसवण्याआधी दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या झाल्याची खात्री करावी आणि लेन्सच्या समोरच्या काचेवरही ब्लोअर मारावा, नाहीतर आत अडकलेला ओलावा तिथेच कोंडून राहतो.

तिरक्या उजेडात कोटिंगचे पापुद्रे निघालेले किंवा त्यावर बारीक जाळीसारखे ओरखडे दिसले, तर पॉलिश लावून ते जात नाहीत, उलट उरलेले थरही घासले जातात. तो फिल्टर बदलावा.