दुर्बिणीची जुळणी दिवसाच करा

नवी दुर्बीण आणली की पहिलं काम उजेडीच उरका. गावाबाहेरची पाण्याची टाकी २५ मिमीच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मधोमध आणा आणि फाइंडरही (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) तिच्याच टोकावर जुळवा. सूर्याकडे मात्र चुकूनही नळी वळवू नका.

रात्री स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा देणारं ॲप ग्रह-ताऱ्यांची दिशा दाखवतं, पण त्याची भिस्त मोबाइलच्या होकायंत्रावर. पत्र्याच्या शेडजवळ किंवा मोटारसायकलला टेकून उभे राहिलात, तर गुरू भलतीकडेच दाखवेल. लोखंडापासून लांब जाऊन मोबाइल हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा. डोळे दिपू नयेत म्हणून स्क्रीन लाल ठेवा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात.

उन्हाळ्यात गच्ची नकोच. आपल्या मराठवाड्यात स्लॅब रात्रीही धग सोडत राहतो आणि शनीची कडी उकळत्या पाण्यातल्यासारखी थरथरते. त्यापेक्षा शेतातली मोकळी जमीन बरी.