मेसेज गेला, पण पोहोचला का? रुग्णसेवेत आणि वैद्यकीय शिक्षणात या चुका टाळा

पोटॅशियम ६.८ आल्याचा रिपोर्ट लॅब वॉर्डच्या ग्रुपवर टाकते. ब्लू टिक दिसतात. तासाभराने कळतं की तो सगळ्यांनी पाहिला आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघत असेल. पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात, त्यामुळे हा तास रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. फोन, अॅप, व्हिडिओ कॉल यांच्या वापरात होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. आपण पाठवलं, म्हणजे समोरच्याला समजलं आणि त्याने काम सुरू केलं, असं आपण धरून चालतो.

तातडीचा निरोप ग्रुपवर टाकणं

ड्युटीचं वेळापत्रक, सूचना, बैठकीची वेळ यांसाठी ग्रुप उत्तम. जिवाशी संबंधित निरोप मात्र एका ठरावीक माणसाला फोन करूनच द्यावा. ऐकणाऱ्याने रुग्णाचं नाव, तपासणी आणि आकडा मोठ्याने परत म्हणायचा, सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, आणि कुणी कुणाला किती वाजता कळवलं ते केसपेपरवर लिहायचं. फोन उचलला गेला नाही, तर किती मिनिटांनी पुढचा फोन कुणाला करायचा हे आधीच ठरलेलं असावं. रात्री दोन वाजता ते ठरवत बसायला वेळ नसतो.

आकड्यांबाबत जास्त सावध राहा. रेंज कमी असली की ‘सात’ आणि ‘साठ’ एकसारखे ऐकू येतात. औषधाचा डोस फोनवर सांगताना ‘साठ, म्हणजे सहा-शून्य’ असं एकेक अंक सुटा करून सांगा, एककासकट. लिहिताना ‘५.०’ लिहू नका. टिंब पुसट झालं की त्याचे ५० होतात. फक्त ‘५’ पुरेसं आहे. उलट ‘.५’ लिहू नका, ‘०.५’ लिहा.

अर्धवट माहिती देणं

‘सर, बेड ४ चा पेशंट बरा वाटत नाही, बघता का?’ या मेसेजवरून कुणीही काही ठरवू शकत नाही. आता हा पाहा: ‘बेड ४, वय ६२. गेल्या अर्ध्या तासात बीपी ८४/५०, नाडी १२४, लघवी कमी. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होत असावा असं वाटतं. लगेच येऊन बघा. तोवर रक्ताची व्यवस्था करायला सांगू का?’ आत्ता काय घडतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं, हे चारही भाग त्यात आहेत. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून आरोग्यसेवेत आलेली ही पद्धत ‘एसबार’ नावाने ओळखली जाते. तिचा मोठा फायदा ज्युनियरला होतो. ‘मला असं वाटतं’ म्हणायची जागा त्याला हक्काने मिळते, आणि शिकणाऱ्याने ते म्हणणं फार गरजेचं आहे.

ड्युटी बदलतानाचंही तसंच. नऊ रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना रुग्ण हवाली करण्याची ‘आय-पास’ ही ठरावीक रीत शिकवली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी. प्रत्येक रुग्णामागे बोलण्याचा वेळ जवळपास तेवढाच राहिला. ‘वेळ नाही’ ही सबब इथे टिकत नाही. शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे: घेणाऱ्याने थोडक्यात परत सांगणं. मेसेजवर ड्युटी हवाली केली की नेमकी तीच गळते.

फोटो पाठवताना

एक्स-रेचा फोटो तिरका काढलेला, वर ट्यूबलाइटची चकाकी, आणि डावी-उजवी दाखवणारी खूण कापलेली. असा फोटो नसलेला बरा. मेसेजिंग अॅप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक फ्रॅक्चर त्यातच हरवू शकतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शक्य असेल तर रुग्णालयाच्या प्रणालीतूनच. ईसीजी पाठवताना बाराही लीड (हृदयाच्या वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या नोंदी), नाव, वेळ आणि कागदाचा वेग दिसायला हवा. ईसीजी यंत्र विकसित करणारे डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी १९०५ मध्येच टेलिफोनच्या तारेवरून रुग्णालयातला ईसीजी दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत नेला होता. दूरवर ईसीजी पाठवण्याची कल्पना एवढी जुनी असूनही आज अर्धी पट्टी कापून पाठवली जाते, याचं वाईट वाटतं.

त्वचेचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून घ्या. एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. ओठांचा निळेपणा किंवा डोळ्यांतला पिवळेपणा फक्त स्क्रीनवर पाहून ठरवू नका.

व्हिडिओ कॉल

सुरुवातीलाच रुग्णाचं नाव, तो आत्ता नेमका कुठे आहे आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर लावायचा, हे विचारून घ्या. रुग्ण बोलता बोलता कोसळला, तर रुग्णवाहिका कुठे पाठवायची हा प्रश्न तेव्हा पडू नये. खोलीत आणखी कोण आहे हेही विचारा. काही गोष्टी सासूसमोर किंवा मुलासमोर कुणी बोलणार नाही.

आवाज तुटत असेल तर व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवा. निदानासाठी बहुधा आवाजच जास्त उपयोगी पडतो. घुमत असेल तर एकाच खोलीत दोन फोन कॉलवर आहेत का ते पाहा, इयरफोन लावायला सांगा. छातीत दुखणं, धाप, शरीराची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काही दिसलं, तर कॉलवर वेळ न घालवता रुग्णाला तातडीच्या विभागात पाठवा.

‘समजलं ना?’ असं विचारून कॉल संपवू नका. रुग्ण ‘हो’च म्हणतो, कधी संकोचाने, कधी डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून. ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, ही गोळी कधी आणि कशी घ्याल ते मला सांगा’ असं म्हणा. औषधाची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. कितीतरी घोळ तिथेच सापडतात.

शिकवताना

दोन तासांचं लेक्चर रेकॉर्ड करून लिंक पाठवली की शिकवणं झालं, ही समजूत फार पसरली आहे. ऐकलेलं आठवून पाहायला लावलं तरच ते टिकतं. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा, मध्ये प्रश्न विचारा, आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या रुग्णाच्या रूपात परत आणा.

२००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केलेला ‘इको’ प्रकल्प या बाबतीत पाहण्यासारखा आहे. दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचे आपलेच रुग्ण व्हिडिओवर मांडत, आणि तज्ज्ञ त्यांच्याबरोबर उपचार ठरवत. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा त्या दवाखान्यांत बरे होण्याचं प्रमाण ५८.२ टक्के होतं, तज्ज्ञांच्या विद्यापीठातल्या क्लिनिकमध्ये ५७.५. रुग्णाची जबाबदारी शिकणाऱ्याकडेच राहिली आणि तो दर आठवड्याला प्रश्न घेऊन परत येत राहिला. व्हिडिओचं तंत्र साधंच होतं.

केस मांडताना रुग्णाची संमती घ्या. डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपत नाही. चेहऱ्याची ठेवण, गोंदण, रिपोर्टच्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक, फाइलमधली तारीख आणि ठिकाण, सगळं तपासा. फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप साठत असेल तर ती सेटिंग आजच बंद करा.

नेट गेलं तर

महत्त्वाच्या नंबरांची छापील यादी वॉर्डात भिंतीवर लावलेली असावी आणि कागदी फॉर्म हाताशी असावेत. प्रणाली परत सुरू झाल्यावर कागदावरच्या नोंदी कोण चढवणार, त्याचं नावही त्याच यादीत लिहा.