गंगेत राफ्टिंगला जाताय? या चुका टाळा

कोलाडला कुंडलिकेत दोनदा राफ्टिंग झालं की वाटतं, जमतंय की, आता ऋषिकेश. मलाही तसंच वाटलेलं. पण कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेलं पाणी असतं, आणि इकडे देवप्रयागला अलकनंदा-भागीरथी एक होऊन पुढे आलेली गंगा, तिचा जोर कौडियालाच्या खाली पहिली मोठी लाट अंगावर आली की समजतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाट दिसली की पॅडल वर उचलणं. घाबरून हात दोरीकडे जातो, पॅडल हवेत, आणि गाईड मागून ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडत राहतो. अहो, तेव्हाच तर मारायचं असतं! राफ्टचा वेग मेला की लाट तिला आडवी करते आणि आडवी झालेली राफ्ट पलटायला वेळ लागत नाही. शिवाय पाण्यात रुतलेलं पॅडल तुम्हालाही धरून ठेवतं, उचललंत की तो आधार गेला. वरचा हात पॅडलच्या टोकाच्या टी-आकाराच्या मुठीवरून सोडू नका, सुटला तर ती मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसते. बसायचं काठावरच, पण पाय आडव्या ट्यूबखाली घट्ट अडकवून.

लाईफ जॅकेट. पहिल्या वेळी श्वास कोंडतोय म्हणून मी पट्टे सैल केले, कुणी तपासलेही नाहीत, आणि थ्री ब्लाइंड माइस नावाच्या रॅपिडमध्ये (उसळत्या लाटांच्या टप्प्यात) पडलो तेव्हा जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं, हनुवटी आत, तोंडात पाणी. म्हणून निघायच्या आधी मित्राला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा, जॅकेट वर सरकलं तर अजून आवळा.

पडलात तर उभं राहायला जाऊ नका, पाणी कमरेएवढं वाटलं तरी नाही. दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी तुम्हाला वाकवून खाली दाबतं. पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत. श्वास दोन लाटांच्या मधे घ्या, लाट डोक्यावरून जाताना तोंड बंद. मे महिन्यातही हे पाणी बर्फाचंच असतं, पडल्यापडल्या धाप लागते, ती एक-दोन मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ फक्त तरंगा. राफ्टखाली आलात तर हात वर करून तिच्या तळाला टेकवा आणि एकाच दिशेने सरकत बाहेर या. दोरी फेकली तर दोरीच धरा, पिशवी नाही, छातीशी धरून पाठीवर राहा, आणि हाताला गुंडाळू तर अजिबात नका.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको, सुती नको, चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला, चष्म्याला दोरी बांधा.

स्ट्रेच, म्हणजे कुठून निघून ऋषिकेशपर्यंत यायचं ते, निवडतानाही घाई होते. ब्रह्मपुरी साधारण 9 किमी, शिवपुरी 16, मरीन ड्राइव्ह पंचविसेक, कौडियाला त्याहून लांब आणि तिथे द वॉल हा दांडगा रॅपिड आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी शिवपुरी घ्यावं असं माझं स्पष्ट मत, रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे रॅपिड त्यातच येतात. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं, तेव्हा कुणी ‘करवून देतो’ म्हणालं तर सरळ परत फिरा.

आणि ब्रीफिंगच्या वेळी रील काढत बसू नका प्लीज, कारण ‘हाय साइड’ तिथेच शिकवतात. राफ्ट खडकावर आपटली की आपण खडकापासून लांब झुकतो आणि नेमकं तेच चुकतं, खडकाकडची जी बाजू वर उचलली जाते तिच्यावरच सगळ्यांनी झेपावायचं असतं. दुसऱ्या वर्षी द वॉलमध्ये आमच्यावर तेच आलं, गाईडचा शब्द पुरा व्हायच्या आत आम्ही सहाही जण त्या बाजूला होतो, राफ्ट कण्हत खाली बसली आणि पुढच्या लाटेवर अशी चढली की सगळे गळा फाडून ओरडत होतो, पॅडल मात्र सहाच्या सहा पाण्यात.