कोल्हापुरातनं मालवण, एका दिवसात कसं करायचं

पहिलं म्हणजे पहाटे पाचला निघा, नाश्त्याला मिसळ खात बसला तर ऊन डोक्यावर येतंय. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, मग कणकवली, कसाल आणि मालवण.

पोचल्या पोचल्या थेट जेटीवर जावा, होडीचं तिकीट काढा आणि आधी सिंधुदुर्ग उरका. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळं तेव्हा जाऊ नका. १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, पायात शिसं ओतलंय म्हणतात, आणि दरवाजा असा वळणात लपवलाय की होडी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही राव! दरवाजाजवळ महाराजांच्या हातापायाचे ठसे बघायला विसरू नका, लोक फोटोच्या नादात तसंच पुढं जातात. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, आणि त्याचा मंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधलाय, म्हणजे कोल्हापूरकरानं तिथं जरा जास्तच वेळ थांबायचं. चारी बाजूला खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं.

दुपारी सुरमई थाळी, सोलकढी दोनदा मागा. तांबड्या पांढऱ्याशी तुलना करत बसू नका. संध्याकाळी तारकर्ली, पण घाट अंधारात चढायचा नसेल तर चारलाच परत फिरा.