जुन्या बिल्डिंगला इंटरकॉम, आम्ही काय बसवलं

आमची बिल्डिंग कोल्हापुरात शाहूपुरीत, खाली दुकानं वर फ्लॅट. व्हिडिओवाली आयपी सिस्टीमच (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारी) पाहिजे म्हणून लई आग्रह होता, पण त्याला घरोघरी नवीन लॅन केबल ओढायला लागती, भिंती फोडायच्या त्या वेगळ्याच. साध्या ईपीएबीएक्सला (बिल्डिंगमधले फोन एकमेकांना जोडणारं छोटं एक्स्चेंज) घरटी दोन तारा पुरतात, त्या टेलिफोनच्या जुन्या पाइपातनं आरामात गेल्या आणि म्हाताऱ्या माणसांना नुसता फोन उचलायचा, ॲपची भानगड नाही. मेन बॉक्स मात्र मी वॉचमनच्या केबिनमध्ये लावूच दिला नाही, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलाय की आपण! वर जिन्यात लावला, बॅटरीसकट, लाइट गेली तरी गेटवरनं फोन लागतोय. सुरुवातीला लाइनवर घुंई आवाज यायचा, लिफ्टच्या पॉवर केबलपासनं तारा लांब सरकवल्यावर गेला.